घडा, पासपोर्ट आणि ब्लॉकचेन : अन्नाच्या नोंदवहीचा इतिहास

रोम शहराच्या दक्षिण भागात, टायबर नदीवरील जुन्या बंदराजवळ एक टेकडी आहे. उंची सुमारे ३५ मीटर. वर गवत आणि झुडपे असल्याने दुरून ती चार टेकड्यांसारखीच दिसते. पण तिच्यात खडक नाही. ती संपूर्ण टेकडी फुटक्या घड्यांची आहे. तिचे नाव मोन्ते तेस्ताच्चो, आणि लॅटिन भाषेत 'तेस्ता' म्हणजे खापर. इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत स्पेनच्या बेतिका प्रांतातून आणि उत्तर आफ्रिकेतून राजधानीत ऑलिव्हचे तेल येत असे. तेल मुरलेले घडे कुबट होत, पुन्हा कामाला येत नसत. म्हणून ते फोडून शिस्तीने रचले जात आणि वास दबावा म्हणून वर चुना टाकला जाई. आजच्या अंदाजाप्रमाणे या टेकडीत ५ कोटींहून अधिक घड्यांची खापरे आहेत.

१८७२ मध्ये हाइनरिख ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने ही खापरे वाचायला घेतली आणि कचऱ्याचा दफ्तरखाना झाला. घड्याच्या मुठीवर भट्टीचा ठसा होता. अंगावर शाईने, ठरलेल्या जागी ठरलेला मजकूर होता : रिकाम्या घड्याचे वजन, आतल्या तेलाचे वजन, माल वाहून आणणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव, आणि कडेला, घाईच्या तिरप्या अक्षरांत, तपासणीची नोंद. घडा कोणत्या गावी तपासला गेला आणि त्या वर्षी रोमचे कॉन्सुल कोण होते, हेही तिच्यात. कॉन्सुलांची नावे हाच त्या काळचा सन. त्यामुळे अठराशे वर्षांपूर्वी फोडलेल्या घड्याचा एखादा तुकडा आजही आपले गाव आणि साल सांगतो.

आजच्या धाग्याचा विषय आहे अन्नसुरक्षेसाठी होणारा ब्लॉकचेनचा वापर, आणि सुरुवात या खापरांपासून करण्यास कारण आहे. 'शेतापासून ताटापर्यंत माग काढणे' ही संगणकयुगाची कल्पना म्हणून आपल्यापुढे मांडली जाते. ती तशी नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. घड्यावरचा तो मजकूर खाणाऱ्याच्या पोटाची काळजी म्हणून लिहिलेला नव्हता. राजधानीला तेल पुरवणे ही राज्याची जबाबदारी होती. वाटेत तेल कमी होऊ नये, हिशेब चुकू नये, एवढाच हेतू. वजनाला त्या मजकुरात जी जागा आहे, ती शुद्धतेला नाही. नोंद ठेवायला लावणाऱ्याने जो प्रश्न विचारला, त्याचेच उत्तर नोंद देते. हे सूत्र ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

मधली अनेक शतके एका ओळीत ओलांडतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये प्रत्येक भटारखान्याला आपल्या पावावर स्वतःची खूण उमटवावी लागे, म्हणजे वजनात मारलेला पाव कोणाचा हे कळे. गावाचा बाजार गावातच भरे तोवर एवढ्याने भागत होते. विकणाऱ्याचा चेहरा हीच नोंद होती.

तो चेहरा दिसेनासा झाल्याची किंमत युरोपला २० मार्च १९९६ रोजी कळली. त्या दिवशी ब्रिटनचे आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितले, की गुरांमध्ये पसरलेला मेंदूचा रोग, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला 'मॅड काऊ' आजार, आणि माणसांत आढळलेला एक नवा जीवघेणा आजार यांचा संबंध असण्याची दाट शक्यता आहे. आठवड्याच्या आत युरोपीय संघाने ब्रिटिश गोमांसावर बंदी घातली. मग प्रश्न आला : हे जनावर कोठे जन्मले, कोणत्या गोठ्यांतून फिरले, त्याची आई रोगी होती काय? बहुतेक जनावरांच्या बाबतीत याचे खात्रीचे उत्तर कोणापाशीच नव्हते. १ जुलै १९९६ पासून ब्रिटनमध्ये जन्मणाऱ्या प्रत्येक वासराला पासपोर्ट सक्तीचा झाला. शब्द गमतीचा वाटतो, पण कागद खराच होता. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आणि गोठा बदलल्याची प्रत्येक नोंद त्यात असे.

यातला एक उपकथाभाग फारसा सांगितला जात नाही. उत्तर आयर्लंडमध्ये गुरांच्या हालचालींची संगणकीय नोंद आधीपासून होती. म्हणून १ जून १९९८ रोजी ब्रिटनमधील पहिली निर्यात खुली झाली ती तेथील तपासलेल्या कळपांची. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सच्या पशुपालकांना पुढचे सुमारे वर्षभर थांबावे लागले. माग ठेवण्याच्या कामाला बाजारात रोख किंमत आहे, हे इतक्या उघडपणे आधी क्वचितच दिसले असेल.

याच धक्क्यातून युरोपचा अन्नकायदा आला. २००२ च्या १७८ क्रमांकाच्या नियमावलीतील कलम १८ असे सांगते, की अन्नव्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला हे सांगता आले पाहिजे. १ जानेवारी २००५ पासून ते लागू झाले. एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे. प्रत्येकाने फक्त आपल्या दोन्ही बाजूंचे शेजारी ओळखायचे, की साखळी आपोआप जुळते, असा हिशेब. कागदावर तो निर्दोष आहे.

जानेवारी २०१३ मध्ये त्याची परीक्षा झाली. आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुकानांतील गोमांसाच्या बर्गरचे डीएनए तपासले. २७ नमुन्यांपैकी १० मध्ये घोड्याचा अंश निघाला. एका बर्गरमध्ये तर २९ टक्के मांस घोड्याचे. पाठोपाठ गोठवलेले लझान्ये सापडले, त्यांपैकी काहींत गाय नावालाही नव्हती. माग काढता काढता जो रस्ता उघडा पडला, तो वाचताना आपल्याकडील दलालांची साखळीही साधी वाटू लागते. मांस रोमानियातील कत्तलखान्यांतून निघाले. तेथे ते घोड्याचे म्हणूनच नोंदवले होते, त्यात लबाडी नव्हती. सायप्रसमध्ये नोंदलेल्या आणि डच माणूस चालवत असलेल्या एका व्यापारी संस्थेने ते विकले. दक्षिण फ्रान्समधील कारखान्यात ते गोमांस म्हणून पुढे गेले, लक्झेंबर्गमध्ये त्याचे तयार जेवण झाले आणि ब्रिटन, स्वीडन, फ्रान्समधील घरांत ते पोचले. प्रत्येक टप्प्यावर कागद होते आणि प्रत्येकाला आपले दोन शेजारी ठाऊक होते. त्या सायप्रसच्या संस्थेचे नाव होते 'ड्राप'. डच भाषेत घोड्याला 'पार्ड' म्हणतात. ते अक्षरे उलटी करून लिहिले की 'ड्राप' होते. इतका उघड विनोद नोंदणीपत्रात वर्षानुवर्षे होता आणि कोणाला तो वाचावासा वाटला नाही. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने या प्रकरणात शिक्षा सुनावल्या.

घोड्याच्या मांसाने कोणी मेले नाही. ती फसवणूक होती. अमेरिकेतील दुखणे वेगळे होते, तेथे प्रश्न वेळेचा होता.

१४ सप्टेंबर २००६ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जनतेला पिशवीबंद ताजा पालक खाऊ नये असे सांगितले. इ-कोलाय या जिवाणूच्या घातक वाणाने सुमारे २०० माणसे आजारी पडली होती. लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर तो हल्ला करतो. पुढे तीन मृत्यू नोंदले गेले. रुग्णांच्या घरच्या फ्रिजमध्ये उरलेल्या पिशव्यांवरील क्रमांकावरून तपास कॅलिफोर्नियातील एका पॅकिंग कारखान्याच्या १५ ऑगस्टच्या एका पाळीपर्यंत आला, आणि तेथून सान बेनितो परगण्यातील एका शेतापर्यंत. पालक लावलेला तो तुकडा जेमतेम २.८ एकरांचा. जवळच्या नदीत, गुरांच्या शेणात आणि रानडुकरांच्या विष्ठेत तोच जिवाणू सापडला.

२.८ एकर. आणि त्याच्यासाठी संपूर्ण देशातील पालक फेकला गेला, कारण कोणता निर्दोष आहे हे वेळेत सांगण्याची सोय नव्हती. ज्या शेतकऱ्याचा त्या नदीशी काडीचा संबंध नव्हता, त्याचेही पीक शेतातच नांगरले गेले. माग लवकर लागण्यात खाणाऱ्याइतकाच निर्दोष शेतकऱ्याचाही जीव अडकलेला असतो, हे येथे दिसते.

आता ब्लॉकचेन. तिचा जन्म बिटकॉइनपासून सांगण्याची प्रथा आहे, पण मूळ कल्पना त्याहून जुनी आणि पुष्कळ साधी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा हे दोघे बेलकोर या अमेरिकी संशोधनसंस्थेत काम करत. संगणकावरील कागद मागाहून गुपचूप बदलता येत असेल, तर तो अमुक दिवशी असाच होता हे कसे सिद्ध करायचे, हा त्यांचा प्रश्न. १९९१ मध्ये त्यांनी उत्तर छापले.

आपल्या जुन्या रोजकिर्दीतून ते चटकन समजते. वहीच्या प्रत्येक पानाच्या शेवटी बेरीज असते आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर ती 'मागील पानावरून पुढे' म्हणून येते. आता समजा, कोणी तिसऱ्या पानावरचा एक आकडा खोडला. तिसऱ्या पानाची बेरीज बिघडली, म्हणून चौथ्याची, म्हणून पाचव्याची, अशी शेवटपर्यंत सारी वही बोंबलू लागते. हेबर आणि स्टॉर्नेटा यांनी बेरजेच्या जागी गणिती ठसा आणला, ज्याला हॅश म्हणतात. मजकुरातला एक काना बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो, आणि ठशावरून मजकूर ओळखता येत नाही. उरली एकच शंका : मुनीमच लबाड असेल आणि त्याने सारी वही नव्याने लिहून काढली तर? त्यावरची तोड मला फार आवडते. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याचा ठसा न्यूयॉर्क टाइम्समध्ये, 'हरवले-सापडले'च्या छोट्या जाहिरातींत, छापायला सुरुवात केली. वही बदलायची तर जगभरच्या ग्रंथालयांतील वर्तमानपत्रेही बदलावी लागतील.

ऑक्टोबर २००८ मध्ये बिटकॉइनचा प्रसिद्ध निबंध आला, त्याने वर्तमानपत्राची जागा हजारो संगणकांना दिली. प्रत्येकापाशी तीच वही, नवे पान सर्वांच्या संमतीने. पैशासाठी केलेली ही योजना अन्नाला लावावी हे पुढे काहींना सुचले, आणि २०१६-१७ मध्ये तिचा प्रसिद्ध प्रयोग झाला तो आंब्यावर.

वॉलमार्टचे अन्नसुरक्षाप्रमुख फ्रँक यियानस यांनी दुकानातून कापलेल्या आंब्याची एक पिशवी आणली आणि सहकाऱ्यांना सांगितले, हा कोणत्या बागेतला ते शोधा. उत्तर मिळायला ६ दिवस, १८ तास आणि २६ मिनिटे लागली. आंबे मेक्सिकोतील छोट्या बागांतून येत. मध्ये पॅकिंगघर, सीमा, कापण्याचा कारखाना, गोदाम, आणि प्रत्येक ठिकाणचे दफ्तर वेगळे. मग आयबीएमच्या मदतीने तीच साखळी ब्लॉकचेनवर नोंदवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. वेळ लागला २.२ सेकंद.

या २.२ सेकंदांची कीर्ती जगभर झाली. २०१७ मध्ये नेस्ले, युनिलिव्हर, डोल अशा कंपन्या आयबीएमच्या प्रयत्नात सामील झाल्या, ऑक्टोबर २०१८ मध्ये 'फूड ट्रस्ट' नावाने ती सेवा सर्वांसाठी खुली झाली. पण या तुलनेत एक गफलत आहे. एका बाजूला निरनिराळ्या दफ्तरांतले कागद आणि दुसऱ्या बाजूला एका जागी, एका पद्धतीने भरलेली संगणकीय माहिती. एका जागी भरलेली माहिती साध्या संगणकी तक्त्यातूनही तितक्याच वेगाने मिळाली असती. वेग ब्लॉकचेनने आणला नाही. सर्वांना एका नमुन्यात माहिती भरायला लावण्याच्या ताकदीने आणला, आणि ती ताकद वॉलमार्टच्या खरेदीची होती. मग ब्लॉकचेनचे स्वतःचे देणे काय? एवढेच, की एकमेकांवर विश्वास नसलेल्या स्पर्धकांना एकाच्या घरी वही ठेवणे मान्य नसते, आणि नंतर कोणी खाडाखोड केली तर ती लपत नाही. हे देणे लहान नाही. पण ते जाहिरातीत सांगतात त्याहून वेगळे आहे.

खाडाखोड न झालेली वही खरी असतेच काय? येथे चीनमध्ये जावे लागते, आणि ही गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे.

२००८ चा उन्हाळा. बीजिंग ऑलिंपिकची तयारी चालू होती. शिजियाच्वांग शहरातील सानलू ही चीनमधील मोठी दूधभुकटी कंपनी. तिची भुकटी पिणाऱ्या तान्ह्या मुलांना मुतखडे होऊ लागले होते. तक्रारी आदल्या डिसेंबरपासून येत होत्या. सानलूमध्ये न्यूझीलंडच्या फोंटेरा या दूधसंघाचे ४३ टक्के भाग होते. तिला २ ऑगस्टला हे कळले, पण माल उघडपणे परत बोलावला गेला नाही. ८ सप्टेंबरला न्यूझीलंडच्या सरकारने बीजिंगला थेट कळवले, आणि ११ सप्टेंबरला बातमी फुटली. तोवर ऑलिंपिक पार पडले होते. शेवटच्या मोजणीत सुमारे ३ लाख मुले बाधित, ५० हजारांहून अधिक रुग्णालयात, ६ मृत्यू. तपासणीत आणखी २१ कंपन्यांच्या भुकटीत तेच द्रव्य सापडले.

ते द्रव्य मेलामाइन. त्यापासून न फुटणारी ताटे-वाट्या बनवतात. ते दुधात का घालावे? याचे उत्तर १८८३ सालात आहे. त्या वर्षी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनज्ञाने धान्यातील प्रथिने मोजण्याची एक सोपी रीत काढली. प्रथिन थेट मोजणे अवघड. म्हणून त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि ठरलेल्या आकड्याने गुणायचे. रीत इतकी सोयीची, की जगभरच्या दुग्धशाळांनी ती स्वीकारली. पण नायट्रोजन कोठून आला हे ती विचारत नाही. मेलामाइनच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दुधात पाणी घालायचे आणि कमी झालेले 'प्रथिन' चिमूटभर मेलामाइनने भरून काढायचे. यंत्र खूश, भाव पूर्ण. आपल्याकडे संकलन केंद्रावर दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो आणि भेसळ करणारे युरियाचा वापर करतात, त्यामागील हिशेब हाच आहे.

आता कल्पना करा, की २००८ मध्ये सानलूच्या प्रत्येक कॅनची नोंद निर्दोष ब्लॉकचेनवर होती. केंद्राचे नाव, वेळ, तापमान, आणि प्रथिनांचा आकडा. आकडा यंत्राने दिलेला, कोणी बदललेला नाही, ठसा जुळतो आहे. पालकाने डब्यावरील क्यूआर कोड मोबाइलने पाहिला असता तर त्याला सर्व काही हिरव्या खुणेने दिसले असते. खोटेपणा वहीत शिरण्याआधीच, दुधाच्या भांड्यात झाला होता. ब्लॉकचेनने एवढेच केले असते, की विष सापडल्यावर ते कोणत्या केंद्रावरून आले हे लवकर सांगितले असते. त्यालाही मोल आहे, कारण मधल्या आठवड्यांत मुले तीच भुकटी पीत होती. पण त्या आठवड्यांत माहिती दडवली ती माणसांनी, आणि माग लागत नव्हता म्हणून नव्हे. कंपनीला ठाऊक होते. सानलूचे त्याच वर्षी दिवाळे निघाले. प्रमुख बाईंना जन्मठेप झाली आणि भेसळीच्या धंद्यातील दोघांना नोव्हेंबर २००९ मध्ये फाशीची शिक्षा दिली गेली.

पहिली नोंद खरी कशी ठेवायची, याचे एक उत्तर याच सुमारास महाराष्ट्रात उभे राहिले होते, आणि त्याच्या मर्यादाही येथेच दिसल्या. २००३ च्या हंगामात नेदरलँड्समध्ये उतरलेल्या भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचे मर्यादेबाहेर अंश सापडले. भारतातून युरोपला जाणारी द्राक्षे म्हणजे मुख्यतः नाशिक, सांगली, सोलापूर या पट्ट्यातली. एका धक्क्यात सगळ्यांचेच नाव खराब झाले. निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडाने तपासणीची योजना आखली, पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा तिच्या केंद्रस्थानी आली, आणि २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही संगणकीय यंत्रणा सुरू झाली. साल पाहा. बिटकॉइनचा निबंध अजून दोन वर्षे दूर होता.

ग्रेपनेटमध्ये ब्लॉकचेन नव्हती. एकच मध्यवर्ती वही, आणि ती एका सरकारी संस्थेच्या ताब्यात. पण तिची रचना पाहण्यासारखी आहे. निर्यातीची प्रत्येक बाग कृषी विभागाकडे नोंदवायची; तिला स्वतःचा क्रमांक. कृषी अधिकारी बागेत येऊन पाहणी करणार. आणि नमुना शेतकऱ्याने किंवा निर्यातदाराने पिशवीत घालून आणायचा नाही, तर प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत जाऊन घड तोडणार. नमुना नापास झाला तर ती गोष्ट यंत्रणेतील इतर प्रयोगशाळांनाही कळणार, म्हणजे एका ठिकाणी नापास झालेला माल दुसरीकडून पास करून आणता येऊ नये. त्यापुढे मान्यताप्राप्त पॅकहाऊस, अॅगमार्क, रोगमुक्ततेचा दाखला, आणि मालावर बागेपर्यंत पोचवणारा क्रमांक. लबाडीची जागा पहिल्या नोंदीपाशी असते हे ओळखून तेथे एक माणूस उभा केला होता. गणिताने न होणारे काम ते हेच.

तरीही २०१० चा हंगाम आला. युरोपात तपासणाऱ्यांना द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले, म्हणजे आपल्या बागायतदारांचे परिचित 'सीसीसी'. ते कीटकनाशक नव्हे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची बेसुमार वाढ रोखून काडीत घड तयार व्हावा म्हणून ते वापरले जाई. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि भारतात तपासायच्या रसायनांच्या यादीत त्याचे नावच नव्हते. शिवाय शेकडो कीटकनाशके एका दमात शोधणाऱ्या नेहमीच्या चाचणीत ते सापडत नाही. त्याला वेगळी चाचणी लागते. कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले, निर्यातदारांनी हात आखडता घेतला, आणि बागायतदारांचे पैसे बुडाले किंवा लटकले. ज्यांच्या दाखल्यांवर सर्व रकाने नियमाप्रमाणे भरलेले होते, त्यांचेही.

येथे कोणी खोटे लिहिले नव्हते. नोंद शुद्ध होती, माग पूर्ण होता. प्रत्येक पेटीची बाग सापडत होती. फक्त तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि नुकसानीचा भार साखळीच्या कोणत्या टोकाला गेला हेही लक्षात घ्यावे. यादी शेतकऱ्याने केली नव्हती. पण माग उलट्या दिशेने काढला जातो, आणि तो ज्याच्या बांधावर जाऊन थांबतो त्याच्यामागे बोट दाखवायला कोणी उरत नाही. पुढे सीसीसी यादीत आले, चाचणी सक्तीची झाली. डाळिंबासाठी 'अनारनेट', सेंद्रिय मालासाठी 'ट्रेसनेट' अशी भावंडेही निघाली. आज नाशिकची द्राक्षे युरोपात टिकून आहेत याचे मोठे श्रेय या व्यवस्थेला द्यावेच लागेल. मात्र अशा सर्व साखळ्यांत, ब्लॉकचेनच्या असोत वा नसोत, पाहण्याची दिशा बहुधा एकच असते. रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याला शेतकऱ्याची बाग दिसते. शेतकऱ्याला आपली पेटी तेथे कोणत्या भावाने विकली गेली हे दिसत नाही. समान प्रती सर्वांच्या हाती देणारे तंत्रज्ञान ही दिशा दुतर्फा करू शकेल, अशी आशा ब्लॉकचेनच्या पहिल्या उत्साहात बोलून दाखवली जात होती. तंत्राला ते अशक्य नाही. ते ज्याने विकत घेतले, त्याला त्याची गरज वाटली नाही.

अमेरिकेतील कथा येथे पुरी करतो. २०१८ च्या वसंतात ॲरिझोनातील युमा भागातल्या रोमेन सॅलडमुळे २१० माणसे आजारी पडली, ५ मृत्युमुखी पडली. सरकारने लोकांना सांगितले, युमाचे सॅलड खाऊ नका. पाकिटावर ते कोठले हे छापलेलेच नसे. शेवटपर्यंत सारे रुग्ण एका शेताशी जोडता आले नाहीत. जिवाणू सापडला तो त्या भागातील एका कालव्याच्या पाण्यात. सप्टेंबरमध्ये वॉलमार्टने आपल्या पालेभाजी पुरवठादारांना पत्र धाडले, की वर्षभरात ब्लॉकचेनवर या. डिसेंबरमध्ये यियानस स्वतःच एफडीएमध्ये उपायुक्त म्हणून रुजू झाले.

त्यांच्याच कार्यकाळात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, एफडीएने अन्नाच्या मागाचा अंतिम नियम जाहीर केला. त्याच महिन्यात मर्स्क आणि आयबीएम यांनी जहाजी मालासाठी काढलेले 'ट्रेडलेन्स' हे मोठे ब्लॉकचेन-जाळे बंद करत असल्याचे सांगितले. स्पर्धक पुरेशा मनाने एकत्र आले नाहीत, हे कारण. एफडीएच्या नियमात पालेभाज्या, काकडी, टोमॅटो, खरबूज, मासे, काही प्रकारचे चीज अशा जोखमीच्या पदार्थांची यादी आहे. प्रत्येक लॉटला एक क्रमांक, आणि तो कापणीपासून दुकानापर्यंत हस्तांतराच्या प्रत्येक टप्प्यावर सोबत गेला पाहिजे. साथ उद्भवली आणि एफडीएने मागितले, तर २४ तासांत माहिती द्यायची. कोणत्या रूपात? क्रमवारी लावता येईल अशा संगणकीय तक्त्यात. म्हणजे आपल्या ओळखीच्या एक्सेलसारख्या पत्रकात. ब्लॉकचेनची सक्ती त्यात कोठेही नाही. अंमलबजावणी २० जानेवारी २०२६ पासून व्हायची होती. व्यापाऱ्यांनी आपली तयारी नसल्याचे सांगितले. तंत्र कोणते घ्यावे यापेक्षा, शेजारच्या टप्प्याकडून वेळेवर आणि बरोबर माहिती मिळत नाही ही त्यांची मुख्य अडचण होती. मुदत ३० महिन्यांनी पुढे गेली असून नवी तारीख जुलै २०२८ मधली आहे.